जुनी व्हॅन घ्यायची तर

वडगावच्या बाजारात बैल घ्यायला गेलेला शेतकरी काय करतो? आधी बैलाचे दात बघतो. खूर बघतो, खांदा बघतो. मग त्याला चालवून बघतो. मालक म्हणाला, "लई गुणाचा बैल हाय," म्हणून तो लगेच पैसे मोजत नाही. मग जुनी मोटार घेताना आपण नुसत्या रंगाला का भुलावे?

आज आपल्या कोल्हापूर भागात पुष्कळ घरांना एखादी छोटी व्हॅन हवी असते. भाजी बाजारात न्यायची असते. दुधाचे कॅन पोचवायचे असतात. रात्री-अपरात्री आजारी माणसाला सीपीआर दवाखान्यात न्यायचे असते. नवी गाडी परवडत नाही, म्हणून जुनी बघायची. त्यात कमीपणा काही नाही. पण त्या पैशात उसाचे बिल असते, भिशीचे पैसे असतात, कधी घरातल्या बाईच्या पाटल्याही असतात. हे पैसे एकदा बुडाले की पुन्हा जमायला वर्षे लागतात. म्हणून जुनी गाडी कशी पारखावी ते आम्ही इथे सांगतो.

ओम्नी आणि ईको

छोट्या व्हॅनमध्ये आपल्याकडे दोन नावे जास्त ऐकू येतात. एक ओम्नी, दुसरी ईको. दोन्ही मारुती कंपनीच्या. मारुतीची व्हॅन १९८४ साली आली. पुढे १९८८ पासून तिला ओम्नी म्हणू लागले. तिचे इंजिन ७९६ सीसीचे. २०१९ साली ओम्नी बनवणे बंद झाले. ईको २०१० साली आली. तिचे इंजिन मोठे, जवळजवळ १२०० सीसीचे.

दोन्ही गाड्यांचे इंजिन पुढच्या शिटांखाली असते. दोन्हींचे गिअर हाताने टाकायचे असतात. अशा गिअरचे काम जाणणारे मिस्त्री तालुक्याच्या गावीही भेटतात. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात तर यंत्रकामाची मोठी वसाहतच आहे. ही सोय मोठी आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. ओम्नीला पुढे नाक नाही. समोरून धडक बसली तर ती पायांवरच येते. एअरबॅगही नाही. गावात आणि बाजारापुरती ती चालेल. रोज हायवेने जायचे असेल तर अलीकडची, एअरबॅगची ईको बघावी.

आधी पत्रा

गाडी दिवसाउजेडी बघावी. रात्री बघू नये, पावसात भिजलेलीही बघू नये. ओला पत्रा चमकतो आणि खोट झाकतो. एक छोटे लोहचुंबक फडक्यात गुंडाळून न्यावे आणि पत्र्याला लावून बघावे. जिथे ते चिकटत नाही, तिथे पत्र्यावर पुटीनचा जाड थर आहे असे समजावे. मग खाली वाकावे. दाराखालचा पत्रा, तळ आणि सरकत्या दारांची पट्टी बघावी. नंबर एमएच ०७ किंवा एमएच ०८ असेल, तर गाडीची नोंद सिंधुदुर्ग किंवा रत्नागिरीतली आहे. ती समुद्रकाठी वापरलेली असेल, तर खाऱ्या हवेने पत्रा लवकर गंजतो. तेव्हा तळ अधिक बारकाईने बघावा.

पुरात बुडालेली गाडी

हे आपल्या जिल्ह्याला फार महत्त्वाचे. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली. घरांत पाणी शिरले, तशा गाड्याही बुडाल्या. अशी गाडी धुऊन-रंगवून उभी केली तर नवरीसारखी दिसते. पण तिच्या वायरी आतून सडत असतात. सहा महिन्यांनी एकेक दुखणे बाहेर येते.

ती ओळखावी कशी? शिटाचा पट्टा शेवटापर्यंत ओढून काढावा. मालक वरचा पट्टा धुतो, आत गुंडाळलेला पट्टा विसरतो. तिथे चिखलाचा डाग दिसेल. पायाखालचे मॅटिंग उचलावे. शिटांचे बोल्ट गंजलेत का, हेडलाइटच्या आत दमट धूर दिसतो का, ते बघावे. काचा बंद करून पाच मिनिटे आत बसावे. कुबट वास आला तर उठून घरी यावे.

इंजिन आणि गिअर

मालकाला आधीच सांगावे, "आम्ही यायच्या आधी गाडी चालू करू नका." थंड इंजिन खरे बोलते. एका दमात सुरू झाले तर बरे. सायलेन्सरमधून निळा धूर येत राहिला तर इंजिन ऑइल खाते. काळा आला तर पेट्रोल जादा जळते. ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखा पांढरा थर असेल तर ऑइलमध्ये पाणी गेलेले असू शकते. अशा वेळी मिस्त्रीला विचारल्यावाचून पुढे जाऊ नये.

आता क्लच. मोकळ्या जागेत, पुढे-मागे कुणी नाही असे बघून, हँडब्रेक ओढावा. तिसरा गिअर टाकावा आणि क्लच हळूहळू सोडावा. इंजिन धडपडून बंद पडले तर क्लच चांगला. क्लच पुरा सोडला तरी इंजिन चालूच राहिले, तर क्लचप्लेट झिजली. तो खर्च किमतीतून वजा करून मागावा.

मग गाडी चालवावी. सपाट रस्त्यावर सगळ्याच गाड्या गुणी असतात. म्हणून पन्हाळ्याच्या किंवा जोतिबाच्या चढावर न्यावी. दुसरा गिअर टाकताना कर्रकर्र आवाज येतो का? उतारावर अॅक्सिलेटर सोडला की गिअर आपोआप निसटतो का? मागून घूंऽ असा आवाज येतो का? यांतले काही असेल तर गिअरबॉक्स किंवा मागचा क्राऊन दुखावला आहे. ही कामे पैसे खातात.

किलोमीटरच्या आकड्यावर भिस्त ठेवू नये. तो मागे फिरवता येतो. त्यापेक्षा क्लचच्या पेडलचे रबर बघावे. आकडा तीस हजार म्हणतो आणि रबर गुळगुळीत झाले, तर आकडा खोटा. पुष्कळ व्हॅन वडापला चाललेल्या असतात. त्यांनी दिवसभर माणसे कोंबून वाहिलेली असतात. वडापची गाडी शिटांवरून आणि सरकत्या दाराच्या ढिलेपणावरून ओळखू येते.

गॅसवर चालणारी गाडी असेल, तर गॅसची नोंद आरसीवर हवी. सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी तपासणी लागते. तिचा दाखला मागावा. घरगुती सिलिंडर जोडलेली गाडी कुणी फुकट दिली तरी घेऊ नये. तो फिरता बॉम्बच आहे.

मोटारीचा सात-बारा

आता कागद. आरसी म्हणजे मोटारीचा सात-बारा. जमीन घेताना आपण सात-बारा बघतो, तशी आरसी स्वतः वाचावी. आता वाचता येते, तर दुसऱ्याच्या तोंडाकडे का बघायचे? मालकाचे नाव आणि पैसे घेणाऱ्याचे नाव एकच आहे का? आरसीवरचा चासी नंबर आणि गाडीवर ठोकलेला नंबर एकेक अक्षर लावून बघावा. नोंदणीची तारीख बघावी. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे गाडी तपासून, शुल्क आणि पर्यावरण कर भरून ती वाढवावी लागते.

सात-बाऱ्यावर बोजा असतो, तसा आरसीवरही असतो. बँकेचे किंवा पतसंस्थेचे कर्ज लिहिलेले असेल, तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि ३५ नंबरचा फॉर्म हवा. गाडी केए २३ म्हणजे चिक्कोडीची, किंवा बेळगावची असेल, तर तिथल्या आरटीओचा दाखला लागतो आणि आपल्या राज्याचा कर वेगळा भरावा लागतो. स्वस्त दिसणारी गाडी इथेच महाग पडते. थकलेल्या दंडाची चलने सरकारच्या परिवहन संकेतस्थळावर दिसतात. घरातल्या शिकत्या पोराला मोबाइलवर बघायला सांगावे.

नाव चढवल्याशिवाय राहू नये

गाडी नावावर करायला २९ आणि ३० नंबरचे फॉर्म लागतात. काही दलाल कोऱ्या फॉर्मवर सही किंवा अंगठा घेतात आणि म्हणतात, "बघू सावकाश." सावकाश बघू नये. कोऱ्या कागदावर सही करू नये. घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओत कळवावे असा कायदा आहे. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा.

विकणाऱ्यानेही हे जाणावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली एका निकालात सांगितले, की नोंदणीत ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक. समजा, आपण गाडी विकली आणि नाव तसेच राहिले. पुढे त्या गाडीने कुणाला उडवले, तर भरपाईचा दावा आपल्या दारात येतो.

पैसे शक्यतो बँकेतून द्यावे. पावती घ्यावी. तीत गाडीचा नंबर, रक्कम, तारीख आणि गाडी ताब्यात घेतल्याची वेळही लिहून घ्यावी. त्या वेळेआधीचा दंड त्याचा, नंतरचा आपला.

इसार देण्याआधी आपल्या विश्वासाचा मिस्त्री एकदा गाडीखाली घालावा. त्याची मजुरी काही शे रुपये होईल. मालक म्हणाला, "मिस्त्री कशाला, माझ्यावर भरवसा नाही होय?" तर रागवू नये. हसून म्हणावे, "मालक, भरवसा आहे. पण बैलाचेसुद्धा आम्ही दात बघतो."