पाळी गेल्यावर हृदयाची काळजी

वैतरणेकाठच्या खाचरात भाताची लावणी चाललेली असते. वाकून काम करणारी पन्नाशीची आई मध्येच उभी राहते. अंगातून वाफा निघतात, घाम फुटतो, छाती धडधडते. "पाळी जातेय, असं व्हायचंच," म्हणून सारे पुन्हा कामाला लागतात. बहुधा ते खरेही असते. पण याच वयापासून हृदयविकाराचा धोका वाढतो, हे भगिनींनी ध्यानात ठेवावे.

पाळी चालू असते तोवर अंडाशयात इस्ट्रोजेन हे संप्रेरक तयार होते. रक्तवाहिन्या लवचिक राहण्यास त्याची मदत होते. पाळी गेली की ते घटते. मग तेच गोळीतून दिले तर हृदय सांभाळले जाईल, असे पूर्वी पुष्कळ डॉक्टरांना वाटे. अमेरिकेत 16,608 स्त्रियांवर याची परीक्षा झाली. निम्म्या जणींना दोन संप्रेरकांची गोळी दिली, निम्म्या जणींना तशीच दिसणारी बिनऔषधाची. 2002 साली ही परीक्षा मुदतीआधीच थांबवावी लागली. गोळी घेणाऱ्या दर दहा हजार स्त्रियांत वर्षाला 7 जणींना हृदयविकार आणि 8 जणींना पक्षाघात जास्त झाला. स्तनाचा कर्करोगही वाढला.

मात्र त्यांतील बऱ्याच स्त्रिया साठीच्या पुढच्या होत्या. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांत गोळी सुरू केल्यास धोका कमी असतो. म्हणून वाफा आणि झोपमोड असह्य झाली, तर डॉक्टरांकडून तपासून घेऊन ती जरूर घ्यावी. केवळ हृदय राखण्यासाठी घेऊ नये.

ज्यांची पाळी फार लवकर जाते त्यांची गोष्ट वेगळी. बीड जिल्ह्यात 2019 साली सुमारे 82 हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतील 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. अशा शस्त्रक्रियेत अंडाशयही काढले असेल, तर हृदय व हाडे लवकर दुबळी होतात. त्यांना पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत संप्रेरके देण्याचा सल्ला डॉक्टर बहुधा देतात. तेव्हा काय काय काढले, हे कागदावर लिहून घ्यावे.

बाकी उपाय घरचेच. मिश्री सोडावी, खारे सुके मासे व लोणचे बेताने खावे, आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि साखर तपासावी. आणि छातीत दाब, जबड्यात वा हातात कळ, एकाएकी दम, असे झाले तर "पाळीचेच असेल" म्हणत बसू नका. 108 ला फोन करा. लावणी एक दिवस थांबली तरी चालेल.