चावडीतला रेडिओ, खिडकीतला पोरगा

आजींचा अंगठा उठत नव्हता. केंद्र चालवणाऱ्या पोराने तो ओल्या फडक्याने पुसला, यंत्राची काच शर्टाच्या बाहीने पुसली आणि म्हणाला, ‘‘आता जरा दाबून धरा, आजी.’’ जन्मभर खुरपणी केलेल्या बोटांवरच्या रेषा झिजून गेलेल्या. चौथ्या खेपेला हिरवा दिवा लागला. ग्रामपंचायतीच्या त्या खोलीवर योजनेच्या नावाची मोठी पाटी आहे. आजींनी ती कधी वाचलेली नाही. घरून निघताना त्या सांगतात, ‘‘पोराकडं जाऊन येते.’’

पश्चिम महाराष्ट्रातल्या माझ्या गावातलं हे दृश्य. सरकार केंद्र मोजतं, संगणक मोजतं. गाव मात्र तिथे कोण बसतो हे बघतं, आणि आपल्याला तिथे बसता येतं का, हेही. ही गोष्ट आपल्याकडे सत्तर वर्षांपूर्वी रीतसर तपासून झाली आहे, म्हणून तिची आठवण द्यावीशी वाटते.

१९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावांमध्ये शेतकऱ्यांची श्रोतामंडळं उभी केली. १७ फेब्रुवारी ते १९ एप्रिल या काळात आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागे. असे वीस कार्यक्रम झाले. मंडळी एकत्र बसून ऐकत, मग त्यावर बोलत, आणि मनात आलेले प्रश्न पुण्याला कळवत. त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांत मिळत. कल्पना मूळची कॅनडातली. तिथल्या शेतकऱ्यांची अशीच मंडळं होती. आकाशवाणीचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर यांनी हा प्रयोग मनावर घेतला होता. मूल्यमापन केलं ते मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने, पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली.

या मूल्यमापनाची रचनाच फार समंजस होती. मंडळ असलेली गावं, नुसता रेडिओ असलेली गावं आणि रेडिओही नसलेली गावं, अशा तिन्ही ठिकाणी लोकांना आधी आणि नंतर तेच प्रश्न विचारले. मंडळांच्या गावांत लोकांची माहिती चांगलीच वाढलेली दिसली. रेडिओ होता पण मंडळ नव्हतं, तिथे ती जेमतेम वाढली. आवाज तोच, कार्यक्रमही तेच. फरक पडला तो ऐकून झाल्यावर माणसं उठून गेली नाहीत, म्हणून. अक्षरओळख नसलेलेही चर्चेत मागे राहिले नाहीत. कागद समोर नसला की बोलणाऱ्याला अडतं कुठे? १९५९पासून ही मंडळं देशभर नेण्यात आली. आपल्याच गावांनी दिलेला हा धडा पुढच्या योजना आखणाऱ्यांनी उशाशी ठेवायला हवा होता, असं मला कळकळीने वाटतं.

१९९८मध्ये वारणानगर परिसरात संगणक आले. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सत्तर गावं जोडायची होती. केंद्र, राज्य आणि तिथली शिक्षणसंस्था यांनी मिळून पैसा घातला. शेतकऱ्याला बाजारभाव, पीकसल्ला, सरकारी दाखले सगळं गावातच मिळावं, असं स्वप्न होतं. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या भारतातल्या संशोधकांनी जाऊन पाहिलं, तेव्हा वापर मुख्यतः साखर कारखान्याच्या कामापुरताच दिसला. उसाची नोंद, तोडणीची परवानगी, किती टन गेला, खत किती उचललं, एवढंच.

हे अपयश म्हणायचं का? मी म्हणणार नाही. ज्याचं वर्षाचं घर उसावर चालतं, त्याला तोड कधी येणार आणि वजन किती भरलं, याहून मोठी माहिती कुठली? तात्यासाहेब कोऱ्यांनी उभारलेल्या सहकाराच्या भागात लोकांनी ते यंत्र आपल्या ओळखीच्या जागेत बसवून घेतलं, त्याला कारखान्याचं केलं. पुढे त्याच संशोधकांनी सात गावांत संगणकाऐवजी मोबाइलच्या संदेशावर हीच माहिती देऊन पाहिली. कार्यालय उघडण्याची वाट पाहावी लागेना. शेतकऱ्यांना ते आवडलं, आणि त्यात नवल नाही. पण टनेज विचारायला आलेले चौघे एकमेकांची पावती बघत उभे राहतात, तेव्हा ‘तुझा उतारा एवढा कसा?’ हा प्रश्न निघतोच. तो संदेशात येत नाही.

माणदेशात असं एकमेकांकडे बघून शिकणं हवेतून होतं. म्हसवडला २००८पासून ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हे सामुदायिक रेडिओ केंद्र चालतं. अशा केंद्राचा आवाज फार तर दहा-पंधरा किलोमीटर जातो, आणि किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हावेत, असा सरकारी धोरणाचा दंडक आहे. त्या टापूतली बाई ओवी म्हणते आणि शेजारच्या वाडीवर ती चुलीपुढे ऐकली जाते. ऐकणारीला वाटतं, हिला येतं तर मलाही येईल. असा रेडिओ सामायिक होतो तो आवाज ओळखीचा असतो म्हणून.

तरी ‘सर्वांसाठी’ म्हटल्याने दार सर्वांना उघडं होत नाही. चावडी कुणाची, मंदिर कुणाचं, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. १९९८मध्येच पुदुच्चेरीच्या खेड्यांत एम. एस. स्वामिनाथन यांच्या संस्थेने ज्ञानकेंद्रं काढली, तेव्हा जागा गावाने द्यायची, पण दलितांसह प्रत्येकाला आत येता आलं पाहिजे, अशी अट घातली होती. ही अट प्रत्येक योजनेच्या पहिल्या पानावर असावी. बायकांचं तसंच. पारावर पुरुष बसतात, म्हणून पारासमोरच्या केंद्रात बाई एकटी जात नाही. सासू, नणंद, नाहीतर शाळेतली लेक बरोबर घेते. आमच्या गावातल्या त्या पोराच्या खोलीत बाहेरून दिसेल अशी खिडकी आहे आणि आत प्लास्टिकच्या दोन खुर्च्या आहेत. बायका येतात त्याला या खुर्च्या निम्म्या कारणीभूत आहेत, असं माझं मत आहे.

दुसऱ्या दिवशी मी सातबारा काढायला गेलो तर खोलीला कुलूप. पोराच्या मावशीकडे लग्न होतं. पायरीवर तिघीजणी पिशव्या मांडीवर घेऊन, कांद्याच्या भावावर बोलत बसल्या होत्या. कालच्या आजीही त्यांत होत्या. मी परत वळणार, तोच त्या सरकल्या आणि पायरीवर हात फिरवून म्हणाल्या, ‘‘यील की त्यो. बस.’’