गाडिया लोहारांच्या ऐरणीपाशी

ग्वाल्हेरच्या रस्त्याकडेला गाडिया लोहारांची पाले दिसतात. १५६८ साली चितोड पडले, तेव्हा गड परत मिळेपर्यंत घर न करण्याची शपथ पूर्वजांनी घेतली, असे ते सांगतात. ६ एप्रिल १९५५ रोजी पंडित नेहरूंनी त्यांना समारंभाने गडावर नेले. तरी पुष्कळांना घर लाभलेच नाही. पुरुषाने सांडशी धरावी, स्त्रीने घण घालावा, ही त्यांची रीत.

घरच्या वेदीसाठी क्रूस वा दिव्याचा आकडा स्वहस्ते घडविण्याची ज्यास हौस असेल, त्याने याच ऐरणीपाशी बसावे. आणि शिकवणीचे मोल घासाघीस न करता द्यावे. लोखंड तांबडे-पिवळे असेतो ठोकावे. काळवंडताच पुन्हा भट्टीत घालावे, नाहीतर तडकण्याची भीती. घडलेली वस्तू गरम असतानाच जवसाचे तेल चोळावे, म्हणजे गंज लवकर धरत नाही.