एकशे दहा फुटांतून

पनामा कालव्याच्या लॉकची रुंदी आधी ९५ फूट ठरली होती. १९०८ साली अमेरिकी नौदलाने हरकत घेतली. पुढच्या युद्धनौका याहून रुंद होणार, किमान ११८ फूट तरी हवेत, असं त्यांचं म्हणणं. घासाघीस होऊन ११० फुटांवर तोडगा निघाला, आणि त्या आकड्याने पुढची शंभर वर्षं जगभरच्या जहाजबांधणीला वेसण घातली.

लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला काँक्रीटचा प्रचंड हौद. जहाज आत घ्यायचं, मागचं दार लावायचं, वरून पाणी सोडायचं, की जहाज आपोआप उचललं जातं. पनामात तीन टप्प्यांत सुमारे २६ मीटर चढून जहाज गातून तलावात पोहोचतं आणि पलीकडे तसंच उतरतं. पाणी चढवायला पंप नाहीत, सगळं उतारावर चालतं. कालवा सुरू झाला १५ ऑगस्ट १९१४ रोजी. त्याच वर्षी मुंबईत अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचा इंदिरा डॉक, सुरू झाला. त्याच्या तोंडाशीही लॉक आहे, मात्र ते भरती-ओहोटीसाठी. बाहेर समुद्र कितीही उतरो, गोदीतलं पाणी टिकलं पाहिजे. त्याची रुंदी साडेतीस मीटर, शंभर फूट. पनामातून जेमतेम निघणारं जहाज मुंबईच्या या दारातून आत येऊच शकत नाही.

१९२८ साली ‘साराटोगा’ ही विमानवाहू नौका पनामातून गेली. नौका हौदात बसली, पण तिची धावपट्टी दोन्ही बाजूंना बाहेर आलेली, त्यामुळे काठावरचे काँक्रीटचे दिव्याचे खांब आडवे झाले. पुढे आयोवा वर्गाच्या युद्धनौका आखताना रुंदी १०८ फूट २ इंचांवर थांबवली. भिंत आणि पोलाद यांच्यामध्ये दोन्हीकडे उरले जेमतेम अकरा इंच, वीतभराहून थोडे जास्त. त्यानंतरच्या माँटाना वर्गासाठी १२१ फूट रुंदी योजली होती. तेवढ्या रुंदीसाठी अमेरिकेने १९४० साली तिसऱ्या लॉकचं खोदकाम सुरू केलं आणि १९४२ साली थांबवलं. माँटाना वर्गाची एकही नौका पाण्यात उतरली नाही. चर मात्र तसेच राहिले.

एवढ्या फटीतून जहाज जातं कसं? लॉकजवळ आलं की वल्ह्याच्या होडीतले दोघेजण पुढे होतात आणि जहाजावरून फेकलेली दोरी झेलतात. तिच्या आधारे भिंतीवरच्या इंजिनांच्या पोलादी तारा जहाजाला जोडल्या जातात. ही इंजिनं दातेरी रुळांवर दोन्ही काठांनी चालतात. जहाज स्वतःच्या जोरावर पुढे सरकतं, पण मधोमध राहतं ते या तारांच्या ताणावर. एक बाजू ढिली पडली की दुसरी भिंत जवळ आलीच. जहाजाचा ताबा तेव्हा कप्तानाकडे नसतो, कालव्याच्या पायलटकडे असतो. खरी अडचण पाण्याची. जहाज पिचकारीतल्या दट्ट्यासारखं पुढचं पाणी रेटतं. त्या पाण्याला मागे यायला बाजूची आणि तळाची फट सोडून वाट नसते. म्हणून जहाज जितकं ऐसपैस, तितका वेग मंद. या कामातलं हे कौशल्य मला युद्धनौकांच्या तोफांहून मोठं वाटतं.

व्यापारी जहाजांनाही हेच माप लागू झालं. लांबी २९४ मीटर, रुंदी ३२.३, आणि पाण्याखालचा भाग १२.०४ मीटर, तोही गोड्या पाण्यात मोजलेला, कारण हलक्या गोड्या पाण्यात जहाज समुद्रापेक्षा जास्त बुडतं. डेकवर आडव्या तेरा कंटेनरांच्या रांगा, चौदावीला जागा नाही. रुंदी वाढेना म्हणून जहाजं लांब झाली, पेटीसारखी चौकोनी झाली. १९८८ पासून कंटेनर कंपन्यांनी पनामाचा नादच सोडून रुंद जहाजं बांधायला घेतली. शेवटी कालव्यालाच रुंद व्हावं लागलं. १९४० च्या त्या चरांचा उपयोग करून बांधलेली ४२७ मीटर लांब, ५५ मीटर रुंद लॉक जून २०१६ मध्ये सुरू झाली. तिथे काठावरची इंजिनं नाहीत. पुढे एक आणि मागे एक टगबोट जहाज सांभाळते.

रुंदीचा प्रश्न असा सुटला. खोलीचा सुटलेला नाही. जुन्या लॉकमधून एक जहाज पार करायला जवळपास वीस कोटी लिटर गोडं पाणी समुद्रात जातं. नव्या लॉकशेजारच्या टाक्या साठ टक्के पाणी परत वापरतात, तरी ते येतं गातूनमधूनच, आणि पनामाची माणसंही तेच पाणी पितात. २०२३ साली पावसाने दगा दिला. मोठ्या जहाजांना ५० ऐवजी ४४ फूट खोलीचीच परवानगी उरली, आणि रोजची ३६ च्या आसपास असलेली जहाजं २४ वर आली. काही जहाजांनी एका टोकाला कंटेनर उतरवले, रेल्वेने पलीकडे नेले आणि हलकी होऊन कालवा ओलांडला.

आता तोडगा म्हणून रिओ इंदिओ नदीवर धरण बांधायचं ठरतं आहे. त्यात सुमारे दोन हजार माणसं उठवली जातील. कालवा टिकला पाहिजे हे मान्य, पण त्या खोऱ्यातले शेतकरी विरोधाला उभे राहिले आहेत, आणि कोयनेकाठची गावं उठलेली पाहिलेल्या महाराष्ट्राला त्यांचं म्हणणं समजावून सांगावं लागू नये. नदी त्यांच्या शेताजवळून वाहते, आणि जहाजांच्या रुंदीचा निर्णय त्यांना विचारून कधीच झालेला नाही.