टेपने काढा बोकडाचं वजन

कुणकेश्वरसारख्या गावात व्यापारी बोकड उचलून म्हणतो, "वीस किलो." काटा नसला की भावही तोच ठरवतो. कोकणच्या पावसात मेंढ्या कमीच, इथली जात कोकण कन्याळ शेळी. पण हे मोजमाप दोघींनाही चालतं.

शिंप्याची टेप घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर, मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी, सेंटीमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 10,840. घेर 70, लांबी 62 आली तर साधारण 28 किलो. आणि व्यापारी काय म्हणाला होता?

घेर दोनदा गुणला जातो, म्हणून टेप ढिली नको. 2 सेंटीमीटर जास्त धरले की दीड किलोहून अधिक फरक. गाभण शेळीला हा हिशोब नको. मोजा सकाळी, चरायला सोडण्याआधी.