भांड्यांच्या ढिगाशेजारी

आर्वीचा मे महिना म्हणजे पारा पंचेचाळीसच्या घरात आणि दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. शाळेला सुटी लागली, की आम्हाला पुलगावमार्गे नागपूरला मामांकडे धाडत. मामांच्या शेजारी ख्रिस्ती बिऱ्हाड होतं. त्यांच्या मुलांचं बोट धरून मी एका उन्हाळ्यात 'व्हीबीएस'ला गेलो. सुटीतली बायबल शाळा ती, पण सगळे व्हीबीएसच म्हणत.

सकाळी कृतिगीतं, मग ताई वाटेत जखमी पडलेल्या परक्याची शुश्रूषा करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगणार, वचनाचं पाठांतर, शेवटी हस्तकला. नोहाचं तारू आम्ही पुठ्ठ्याचं केलं होतं, कणकेच्या खळीनं चिकटवलेलं. कात्री एकच असल्यानं शेजारच्या पोराशी आधी हमरीतुमरी झाली, नंतर दोस्ती. समारोपाला आईबाप आले, आम्ही नाचलो, निरोप घेतला. आर्वीहून मी त्याला दोन पोस्टकार्डं टाकली. एकाचं उत्तर आलं. पुढे काही नाही.

सुटीतल्या बायबल शाळेची ही पद्धत जुनी. 1901 साली न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट बोव्हिल यांनी उन्हाळ्यात गल्लीबोळांत उंडारणाऱ्या पोरांसाठी चर्चच्या रिकाम्या इमारतींत अशा शाळा भरवल्या, आणि ती चळवळ जगभर पसरली. त्या ताईंबद्दल माझी तक्रार नाही. त्यांनी ज्या मायेनं सरबत वाटलं, ती आजही आठवते. पण शोमरोन्याची गोष्ट ऐकणं वेगळं आणि कुणाची जखम धुणं वेगळं.

ही गोष्ट ज्यांनी अंगाला लावून घेतली, ती ख्रिस्ती माणसं आमच्याच वर्धा जिल्ह्यात होती, हे मला फार उशिरा कळलं. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. तीतून नई तालीम, म्हणजे हातानं काम करत शिकण्याची गांधींची पद्धत, निघाली. पुढच्या वर्षी हिंदुस्तानी तालीमी संघ झाला. अध्यक्ष झाकिर हुसेन, चिटणीस ई. डब्ल्यू. आर्यनायकम. हे आर्यनायकम म्हणजे जाफन्याकडचे तमिळ ख्रिस्ती, एके काळचे रवींद्रनाथांचे सचिव. पत्नी आशादेवींसह त्यांनी वर्ध्याजवळच्या सेवाग्रामची शाळा उभी केली.

त्या शाळेत मैत्री शिकवण्याचा वेगळा तास नव्हता. पोरं सूत कातत, शेतात राबत, धान्याचा हिशेब ठेवत, पाळीपाळीनं स्वयंपाक करत आणि संडासही साफ करत. आपल्यातूनच सफाईचे, स्वयंपाकाचे मंत्री निवडत. भाकरी करपली तर जाब मंत्र्यालाच, तोही भर सभेत. प्रार्थना सर्वधर्मीय. जिथं कोण कुणाच्या हातचं पाणी पितो यावर गाव चालायचं, तिथं एका चुलीवरचं जेवण सगळ्यांच्या पानात पडत होतं. ख्रिस्ती मूल्य म्हणा, गांधींचं म्हणा, पोरांना त्या पाटीशी काही देणंघेणं नसावं.

1949 मध्ये मार्जरी साइक्स तिथं आल्या. जन्मानं इंग्रज, पंथानं क्वेकर ख्रिस्ती, आणि त्याआधी मद्रासला शिक्षिका, मग शांतिनिकेतनात. सेवाग्रामला त्यांनी शिक्षक घडवण्याचं काम दहा वर्षं केलं. क्वेकरांच्या प्रार्थनेत गप्प बसण्याला मान असतो. भांडून आलेल्या दोन पोरांना उपदेश पाजण्यापेक्षा थोडा वेळ शेजारी शांत बसवणं कितीतरी बरं, असं मला तरी वाटतं.

पुढे आमच्याच जिल्ह्यातल्या हिंगणघाटचे बाबा आमटे यांनी चंद्रपूरकडच्या सोमनाथला श्रमसंस्कार छावण्या सुरू केल्या. वय तरुणांचं, पण सूत्र तेच: कुदळ हातात आली, की बाजूला कोण उभा आहे ते आपोआप कळतं. तिथं जोडलेले मित्र पन्नाशीतही एकमेकांच्या घरी मुक्कामाला येतात. असे काही मी पाहिलेत.

आता उन्हाळी शिबिरांचा सुकाळ आहे. चर्चची, मंडळांची, खासगी क्लासचीही. पाच दिवस, टी-शर्ट, प्रमाणपत्र, गटाचा फोटो. जेवण डब्यात बंद होऊन येतं आणि ताटं कागदाची. मुलांना हात ओले करायला जागाच उरत नाही. हस्तकलेला कात्रीसुद्धा आता मुलागणिक एक.

तेव्हा यंदा आर्वीत कुणी शिबिर घेणार असाल, तर एवढं करा: स्वयंपाकाचं कंत्राट देऊ नका. भाजी चिरायला आणि भांडी घासायला मुलांना जोडीजोडीनं बसवा, आणि जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरवा.