निळा अधिक पिवळा, पण हिरवा नाही!

निळ्यात पिवळा मिसळला की हिरवा होतो, हे बालवाडीतलं पोरही सांगेल. पण १८५५च्या सुमारास जेम्स क्लार्क मॅक्सवेल या स्कॉटिश शास्त्रज्ञाने निळ्या-पिवळ्या कागदाच्या चकत्या भोवऱ्यावर बसवून गरगर फिरवल्या, तेव्हा हिरवा दिसलाच नाही. दिसली ती गुलाबीसर छटा.

भोवऱ्यावर रंग कालवले जात नाहीत. दोन्ही कागदांवरून येणाऱ्या प्रकाशाची डोळ्यात बेरीज होते. रंगपेटीत मात्र वजाबाकी चालते. पिवळा रंग पांढऱ्या उजेडातला निळा भाग गिळतो, निळा रंग तांबडा-पिवळा भाग गिळतो आणि दोघांच्या तावडीतून सुटतो तो हिरवा. हा फरक हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५२ साली उलगडून दाखवला. तोवर भलेभले चित्रकाराचा नियम प्रकाशालाही लावत होते.

बेरीज घरबसल्या पाहता येते. मोबाइलवर पिवळं चित्र लावा आणि पडद्यावर पाण्याचा इवलासा थेंब ठेवा (इवलासाच, फोन धुवायचा नाहीये). थेंब भिंगाचं काम करतो. आत तांबडे आणि हिरवे ठिपके पेटलेले दिसतील, निळे विझलेले. पिवळा ठिपका एकही नाही! आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीनच प्रकारच्या. खऱ्या पिवळ्या प्रकाशाने त्यातल्या ज्या दोन प्रामुख्याने चेतवल्या जातात, त्याच तांबड्या-हिरव्याच्या जोडीनेही चेतवल्या जातात. मेंदू फसतो. बहुतेक पक्ष्यांकडे अशा पेशी चार प्रकारच्या असतात, तेव्हा आपल्या टीव्हीवरचे रंग त्यांना बहुधा खरे वाटत नसणार.

शाळेतल्या तक्त्यावरचे ‘तांबडा, पिवळा, निळा हेच मूळ रंग’ हे वाक्य मला कधीच पटलं नाही. त्या तांबड्या-निळ्यातून झगझगीत जांभळा करून दाखवा; बहुधा मळकट रंगच हाती येईल, कारण दोघे मिळून जवळजवळ सगळाच उजेड गिळतात. छापखाना म्हणूनच वेगळी त्रयी वापरतो: सायन शाई तांबडा प्रकाश शोषते, मॅजेंटा हिरवा आणि पिवळी निळा. तिन्ही एकावर एक छापल्या तर खरं म्हणजे काळा यायला हवा, पण शाया तितक्या शुद्ध नसतात आणि येतो चिखली तपकिरी. म्हणून चौथी शाई काळी. बारीक अक्षरं तर बहुधा तिच्या एकटीच्याच जिवावर छापतात, कारण चार शाया जुळवताना कागद केसभर सरकला तरी अक्षराला रंगीत कडा फुटतात.